स्वयंपाकघरातील यजमानीण

श्रावणमास लागला की आमच्या येडशीस पाहुण्यांची रीघ लागते. धाराशिवहून सुमारे 20 किलोमीटरवर, बालाघाटाच्या कुशीत हे गाव वसले आहे. जवळच दरीत उतरून गेले की श्रीरामलिंगाचे दर्शन होते. सीतामाईस पळवून नेणाऱ्या रावणाशी झुंजून जटायूने येथेच देह ठेवला, अशी या स्थानाची आख्यायिका आहे आणि मंदिरापाशी त्याची समाधीही दाखवितात. सोमवारी बार्शी, कळंब, लातूर अशा चहूंकडून माणसे येतात. अभिषेक होतात, बेल वाहिला जातो, माकडे हातातील नारळ पळवितात, पोरे हसतात. आणि दर्शन आटोपले की पुष्कळशी मंडळी गावात आपापल्या सोयऱ्यांच्या घराकडे वळतात. उपवासाचा दिवस, म्हणून उंबऱ्यातच प्रत्येक जण म्हणतो, "आम्हांला काही करू नका हं." हे 'काही नको' शिजविण्यास घरच्या गृहिणीला किती वेळ लागतो, हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय होय.

आम्ही लहान होतो तेव्हा लातूर-कुर्डुवाडी मार्गावर बार्शी लाईटची ती छोटी, अरुंद रुळांची गाडी धावत असे. ती केव्हा येईल याचा नेम नसे. त्यामुळे पाहुणा केव्हा दारात उभा राहील याचाही नेम नसे आणि आमच्या मातोश्री चूल पूर्ण विझू देत नसत. राखेखाली निखारा झाकून ठेवलेला असे. आता रूळ रुंद झाले, मोठा हमरस्ता गावावरून गेला, खिशाखिशांत दूरध्वनी आला. तरी पाहुणा न कळविताच येतो. निखाऱ्याची जागा गॅसच्या शेगडीने घेतली, एवढाच काय तो फरक. शेगडीपुढे उभी राहणारी मात्र तीच आहे, आणि तीही आता केवळ घरात बसलेली नाही. कोणी अंगणवाडीत आहे, कोणी शाळेत शिकविते, कोणी बचत गटाचे हिशेब पाहते. ज्यांचे शेत आहे त्यांची श्रावणात खुरपणी चालू असते आणि उपवास धरून दिवसभर वाकलेली बाई दिवेलागणीस घरी येते, तो ओसरीवर सहा जोडे काढलेले दिसतात.

गेली चाळीस वर्षे आम्ही कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडतो. अतिथिधर्मावर आम्ही किती कीर्तने केली असतील याची गणती नाही. त्यांत आमचे आवडते आख्यान द्रौपदीच्या थाळीचे. सूर्यनारायणाने धर्मराजास दिलेले ते पात्र द्रौपदीचे जेवण होईपर्यंतच अन्न पुरवी. आणि नेमके ती जेवून उठल्यावर दुर्वास ऋषी शिष्यसमुदायासह येऊन ठाकतात. ऋषी स्नानास जातात, इकडे द्रौपदी घाबरी होते, श्रीकृष्णाचा धावा करते. या ठिकाणी आम्ही झांज थांबवितो, आवाज खाली आणतो, आणि मंडपात पदराने डोळे पुसले जातात.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात हेच आख्यान झाले. ज्यांच्या घरी आमचा उतारा होता त्या घरी रात्री अकराच्या सुमारास आम्ही साथीदारांसह परतलो. पाने वाढलेली होती. यजमानीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, "बुवा, कीर्तन फार रंगलं म्हणतात."

'म्हणतात'. त्या एका शब्दाने आमच्या हातातील घास थबकला. मंडप त्यांच्या दारापासून शंभर पावलांवर होता. आम्ही द्रौपदीच्या संकटाचे वर्णन करीत असता ही द्रौपदी आमच्याच पेटीवाल्या-तबलेवाल्यांसाठी भाकरी थापीत होती. श्रोत्यांना आम्ही रडविले; आणि जिच्यासाठी रडावयाचे ती माऊली तिथे नव्हतीच. त्यांनी हे तक्रार म्हणून म्हटले नव्हते. तक्रार असती तर आम्ही काही उत्तर दिले असते.

त्या रात्रीपासून आम्ही आपल्याच पोथ्या नव्याने चाळू लागलो. जे आढळले ते या पुरवणीच्या वाचकांपुढे ठेवतो. कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी येत्या सोमवारी पाहुणे यावयाचे आहेत.

अतिथीला देव मानावे, हे वचन तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आहे. लग्नपत्रिकेपासून हॉटेलच्या फलकापर्यंत ते सर्वत्र झळकते. पण ते कोणी कोणास सांगितले, इकडे आपले लक्ष जात नाही. अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य हा उपदेश करीत आहेत. माता, पिता, आचार्य आणि अतिथी यांना देव मान, हे सांगणे त्या तरुण पुरुषाला आहे. त्याची बायको तेथे उभी नाही. बहुधा त्याचे लग्नही अजून व्हावयाचे आहे. म्हणजे आतिथ्याची आज्ञा मुळात पुरुषाच्या खांद्यावर ठेवलेली. ती आपण पिढ्यान्पिढ्या हळूच उचलून बायकोच्या ओट्यावर नेऊन ठेवली, आणि पुण्य मात्र आपल्या नावे लिहून घेतले!

मनुस्मृतीतील सर्वच वचने आज कोणी मानावीत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तिच्या तिसऱ्या अध्यायात अतिथीविषयी जे आहे ते जरूर वाचावे. तेथे अतिथीची व्याख्याच अशी की, जो एक रात्र राहतो तो अतिथी. त्याचे राहणे नित्याचे नसते, म्हणून त्याला हे नाव. चार-चार दिवस मुक्काम ठोकून 'आज काय विशेष?' विचारणाऱ्यास स्मृतीने काय म्हणावे, ते सुज्ञांनीच ठरवावे. पुढे म्हटले आहे की, नवविवाहित मुली, कुमारिका, आजारी माणसे आणि गर्भवती स्त्रिया यांना विचार करीत न बसता अतिथींच्याही आधी जेवू घालावे. अतिथींच्याही आधी! आमच्या पाहण्यात तर सात महिन्यांची गर्भारशी सून चौथ्या पंगतीपर्यंत वाढीत होती आणि तिची सासू 'आमच्याकडे पाहुणा आधी' असे अभिमानाने सांगत होती. त्या सासूबाईंना हा श्लोक कोणी सांगितलाच नव्हता. सांगावयाचे काम आमचे होते.

याच ओघात आणखी एक विधान येते. अतिथी जेवले, घरचे सेवक जेवले, की मग उरलेले दांपत्याने खावे. येथील क्रियापद द्विवचनी आहे. संस्कृतात द्विवचन फार प्रामाणिक असते. त्यात दोनच माणसे मावतात आणि दोन्ही लागतात. नवरा-बायको दोघांनी, एकत्र, शेवटी. यजमानाने पहिल्या पंगतीत पाहुण्यांबरोबर मांडी घालून आग्रहाचे दोन घास अधिक घ्यावेत आणि गृहिणीने दुपारी तीन वाजता पातेले निपटावे, ही चाल त्या द्विवचनाच्या विरुद्ध आहे. आम्ही व्याकरण शिकलो, शिकविले. ही गोष्ट ध्यानात यायला साठी उलटावी लागली, याची लाज वाटते.

बरे, हे संस्कृत राहू द्या. सोमवारी घरोघर वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणीच घ्या. राजाने महादेवाचा गाभारा दुधाने भरावयाचे मनात घेतले आणि गावातील सारे दूध देवळात आणण्याची दवंडी पिटली. धाकाने सगळ्यांनी दूध आणून ओतले. वासरांना नाही, लेकरांना नाही. गाभारा काही भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिने आधी घरातील कामे आटोपली होती, लेकरांना खाऊ घातले होते, लेकीसुनांचे पाहिले होते, गुरावासरांना चारा घातला होता. मग उरले तेवढे खुलभर दूध तिने भावाने वाहिले आणि गाभारा काठोकाठ भरला. ही कहाणी आमच्या माताभगिनींना तोंडपाठ आहे. पण ऐकताना आपण म्हातारीच्या दुधाचे कौतुक करतो आणि ती घरून निघण्यापूर्वी काय करून आली ते उरकून टाकतो. सारे मर्म तर त्या उरकलेल्या भागात आहे. घरातील जीव तळमळत ठेवून जे देवाला दिले ते देवाने घेतले नाही. मग घरच्या बाईला उपाशी, दमलेली, चिडचिडी ठेवून आपण जे अतिथीला देतो ते तरी त्या अतिथिरूप देवाला कसे पोचावे?

शुक्रवारच्या कहाणीतही हेच दुसऱ्या बाजूने आले आहे. भावाने सहस्रभोजन घातले, पण गरीब बहीण पोरांना घेऊन पानावर बसली तेव्हा तिचा अपमान करून तिला हाकलले. पुढे तिला चांगले दिवस आले, भावाने मानाने बोलावले, तेव्हा तिने एकेक पदार्थ उचलून आपल्या दागिन्यांवर ठेवला; जेवण त्यांचेच होते, तिचे नव्हते. हजार पाने मांडली तरी पाहुणचार झाला असे होत नाही, हे कहाणीकाराने किती सहज सांगितले!

आतिथ्य थोडक्यात होते, ही गोष्ट आम्ही पुस्तकाआधी घरी पाहिली. 1972 सालचा दुष्काळ. आम्ही बारा-तेरा वर्षांचे होतो. रोजगार हमीची कामे, लाल मिलो, सुकडी; आमच्या वयाच्या मराठवाड्यातील माणसाला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. एके दुपारी दोन वाटसरू दारी आले. आईने ओसरीवर घोंगडी अंथरली, तांब्या भरून पाणी दिले आणि म्हणाली, "दादा, घरात एकच भाकरी आहे. अर्धी अर्धी घ्या, वर चटणी देते. रात्रीचं मात्र काही सांगता येत नाही." ना संकोच, ना क्षमायाचना. ते दोघे खाऊन, पाणी पिऊन, आशीर्वाद देऊन गेले. पुढे पाठशाळेत आम्ही वाचले की सज्जनाच्या घरी चार गोष्टींना कधीच तोटा नसतो : बसावयास गवत, टेकावयास जमीन, पाणी आणि गोड बोलणे. यादीत चौथा पदार्थ शिरा नव्हता. आईला अक्षरओळख नव्हती; श्लोक तिला कोणी शिकविला नव्हता.

आता एक दाखला आम्ही आपल्या धर्माबाहेरच्या घरातून देणार आहोत. काही वाचकांना श्रावणी सोमवारच्या पानावर तो अनपेक्षित वाटेल. परंतु घर मराठीच आहे आणि गृहस्वामी कीर्तनकारही होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी, यांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. काही वर्षांच्या वियोगानंतर त्या पतीकडे राहावयास आल्या तेव्हा प्रारंभी आपले पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवीत. 1900 साली त्यांनीही तो धर्म घेतला. त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून प्रसिद्ध झाली. आम्ही ती तरुणपणी भाषेसाठी वाचली. परवा पुन्हा वाचली ती स्वयंपाकघरासाठी.

टिळकांचे मन राजाचे. हातात पैसा ठरत नसे आणि दारातून माणूस विन्मुख जात नसे. बालकवी ठोंबरे त्या घरी मुलासारखे राहिले. अनाथ मुले त्या घरात वाढली. टिळकांचे हे औदार्य महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्या औदार्याची चूल कोणी पेटविली, रिकाम्या डब्यात हात घालून कोणी जमविले, हे लक्ष्मीबाईंनी लिहिले म्हणून कळले. उदार पुरुषांच्या कथा आमच्या पोतडीत शंभर असतील. त्या उदारपणाची हकीकत ओट्याच्या बाजूने सांगणारी बाई मात्र विरळा, आणि तीही कडवटपणा न आणता, हसत हसत, नवऱ्याला चिमटे काढीत. आमच्या सत्पुरुषांच्या गृहिणींनी असे लिहिले असते तर! पैठणच्या गिरिजाबाईंनी लिहिले असते तर! श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी अंत्यजांना वाढविला, ही कथा आम्ही उंच स्वरात सांगतो. मग गिरिजाबाईंनी सारा स्वयंपाक पुन्हा केला, हे एका दमात सांगून पुढे जातो. पुन्हा सारा स्वयंपाक, म्हणजे पुन्हा किती तास, हे श्रोत्यांत बसलेल्या पुरुषांना कळत नाही. बायका मात्र एकमेकींकडे पाहतात. आम्ही व्यासपीठावरून ते पाहिले आहे.

ख्रिस्ती मंडळींच्या लूककृत शुभवर्तमानात दोन बहिणींची गोष्ट आहे. येशू त्यांच्या घरी येतो. मरिया त्याच्या पायांपाशी बसून ऐकत राहते, मार्था पाहुणचाराच्या धांदलीत. मार्था कुरकुरते : बहिणीला सांगा, मला हात लावू दे. येशू तिला सांगतो की तू पुष्कळ गोष्टींची दगदग करतेस. मरियेने चांगला वाटा निवडला आहे, तो तिच्यापासून घेतला जाणार नाही. सोलापूरच्या एका पाद्रीबुवांनी आम्हांस ही गोष्ट सांगितली, तेव्हा आम्ही त्यांना विचारले, "मग त्या दिवशी स्वयंपाकाचे काय झाले?" ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बुवा, आमच्या बायकाही हेच विचारतात!" गोष्ट उपहासासाठी सांगत नाही. पाहुणा स्वतः म्हणाला की मला रांधणारीपेक्षा ऐकणारी हवी, यात पाहुण्याचे मोठेपण आहे. आमच्या श्रीकृष्णानेही द्रौपदीकडे पक्वान्न मागितले नाही. थाळीच्या काठाला चिकटलेले भाजीचे पान त्याला पुरले.

यावर आमचे काही स्नेही म्हणतात, "बुवा, रांधणे-वाढणे हीच बायकांची भक्ती. त्यांना त्यातच आनंद असतो." असतो, हे खरे. आमच्या मातोश्रींना होता. पण असे म्हणणाऱ्याने ते जेवणापूर्वी म्हणावे. आजवर आम्ही ते तृप्तीची ढेकर दिल्यावरच ऐकले आहे. भक्ती हा ज्याचा त्याचा भाव असतो. तो दुसऱ्याच्या वतीने ठरवून मोकळे होता येत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. उपवासाच्या पाहुण्याला साबूदाण्याचीच खिचडी हवी, हा हट्ट कोठून आला? साबूदाणा चार-पाच तास भिजावा लागतो. अवचित आलेल्यासाठी तो होत नाही, आणि घाईने केला तर गोळा होतो. शिवाय ज्या कंदापासून तो करतात तो कंद, बटाटा, मिरची, शेंगदाणा ही चारही अमेरिका खंडातून आलेली. कोणत्याही ऋषीने खिचडीची आज्ञा दिलेली नाही, हे आम्ही जबाबदारीने सांगतो. आपल्याकडची भगर पंधरा-वीस मिनिटांत शिजते. ती निवडून, किंचित भाजून डब्यात ठेवावी. शेंगदाणे आठवड्याचे एकदम भाजून कूट करून ठेवावे. की आमटी होण्यास वेळ लागत नाही. सोबत ताक. उपवास नसेल त्या दिवशी आपल्या भागातील कडक भाकरी आहेच. सवडीने एकदा करून ठेवली की आठवडाभर टिकते. दही आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली की पान सजले. यापेक्षा अधिक जो मागेल त्याला अधिक आवडीने बोलावू नये.

आणि येणाऱ्याने? निघताना एक फोन करावा. किती जण, किती वाजता, एवढे सांगावे. येताना कुंथलगिरीचा पेढा आणला तर आनंदच. पण त्याहून, जेवल्यावर आपले ताट उचलून मोरीपर्यंत न्यावे. सप्ताहाच्या चालकांना आमची विनंती निराळी आहे. कीर्तनकारांचा स्वयंपाक एका घरावर टाकू नका. आळीतील पुरुषांनी पाळी लावून तो मंडपामागे करावा. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांतून पुरुष हजारोंना वाढतात, भांडी घासतात, त्यात कोणाची प्रतिष्ठा गेली नाही. गावात परतल्यावरच ती का जाते? आम्ही स्वतःपुरते ठरविले आहे : ज्या घरी उतरू त्या घरची यजमानीण समोर येऊन बसल्याखेरीज उत्तररंगाला आरंभ करावयाचा नाही. दोन ठिकाणी यामुळे कीर्तन अर्धा तास खोळंबले. एका ठिकाणी यजमान रागावले, पुन्हा बोलावले नाही. तेही चालेल.

हे सर्व लिहिण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, असे आमच्या घरातून विचारले जाईल म्हणून तेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणी सोमवारी रामलिंगाहून परतताना बार्शीकडचे पाच स्नेही भेटले. आम्ही त्यांना आग्रहाने घरी आणले. फोन खिशात होता, केला नाही. घरी खिचडी होती ती दोघांपुरती. ती पाच जणांत वाटली गेली, आम्हीही चार घास घेतले, गप्पा झाल्या, मंडळी गेली. संध्याकाळी आमच्या सौभाग्यवती भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. दिवसभरात एक केळे आणि चहा, एवढ्यावर होत्या. आम्ही विचारले, "सांगितले का नाही?" त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही अतिथिधर्माची गोष्ट सांगत होतात ना त्यांना? मध्येच कशी बोलू?"

द्विवचनाचा श्लोक आम्ही त्यानंतर काढून पुन्हा वाचला.

येत्या सोमवारी आमच्याकडे सहा पाहुणे आहेत. सहाही जणांनी वेळ कळविली आहे. गावातील कीर्तन आम्ही दुपारचे चार वाजता ठेवविले आहे, आणि पहिल्या रांगेतील जागा सौभाग्यवतींसाठी राखली आहे. भगर आम्ही शिजविणार. पाण्याचे प्रमाण त्यांनी सांगितले आहे. सैंधव किती घालावयाचे ते अजून विचारावयाचे राहिले आहे.